सेल लागलाय की सेल संपलाय?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आधी एक कोडं. गेल्या आठवड्यात लेडीज हॉस्टेलच्या एकाच जिन्यावर, एकाच संध्याकाळी मी ही तीन वाक्यं ऐकली. "कल्याण नाक्यावर सेल लागलाय, येतेस का?" "माझ्या घड्याळाचा सेल संपलाय गं." आणि "सेकंड इयरची पुस्तकं सेल करायचीत, कुणाला हवीत का?"

इंग्रजीत हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि जहाजाच्या शिडाचा सेल धरला तर चार. आता सांगा, यातल्या कुणाचा उच्चार कुणासारखा? उत्तर असं की या चौघांच्या दोन जोड्या आहेत. बॅटरीचा सेल आणि विकण्याचा सेल अगदी सारखे, दोन्ही तोकडे. सवलतीचा सेल आणि शिडाचा सेल सारखे, पण ते लांब, 'सेइल' असे घसरत जाणारे. आपण मराठी माणसं मात्र चौघांनाही एकाच दावणीला बांधतो!

आणि गंमत म्हणजे जिन्यावर कुणाचाही गोंधळ झाला नाही. सेलला जाणारी सेलला गेली, सेल संपलेलीने तिला पैसे देऊन नवीन सेल मागवला. सगळं सुरळीत.

मी नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आमच्या सिस्टर व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायला लावायच्या आणि डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू करायला लावायच्या. त्यामुळे पश्चिमेचा वेस्ट, आतल्या बनियनचा वेस्ट आणि वाया जाण्याचा वेस्ट हे तीन वेगळे शब्द आहेत हे मला पहिल्या चार यत्तांतच कळलं होतं. (कंबरेचा वेस्ट आणि वाया जाण्याचा वेस्ट मात्र अगदी सारखे, त्याला इलाज नाही.) एवढ्या भांडवलावर मला वाटायचं की मला इंग्रजी येतं. हा लेख त्या गैरसमजाबद्दल आहे.

माझी रूममेट इचलकरंजीची. नाव छापलं तर ती मला मारेल, म्हणून नाव नको. मराठी शाळेत शिकलेली, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. घरी सहा यंत्रमाग. गेल्या सेमिस्टरला तिचा सेमिनार होता. विषय असा की एखादा लोखंडी भाग त्याच्या ताकदीपेक्षा कमी भार असूनही, तोच भार लाखो वेळा येत-जात राहिला तर का तुटतो. इंग्रजीत त्याला फटीग म्हणतात. ती म्हणाली, "फॅटिग्यू."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. तिला कळेना काय झालं. ती पुन्हा म्हणाली, "फॅटिग्यू फेल्युअर." मग मोजणी सुरू झाली. अकरा वेळा! मधेच स्ट्रेन गेज हा शब्द आला, तो ती 'स्ट्रेन गॉज' म्हणाली. गॉज म्हणजे जखमेवर बांधायचं जाळीदार कापड, हे मला माहीत होतं, आणि ते मी शेजारणीच्या कानात सांगितलं, जरा मोठ्यानेच. सगळ्यात जास्त कोण हसलं असेल ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

तिने घरून एक वस्तू आणली होती. मागाच्या तुटलेल्या क्रँकशाफ्टचा तुकडा. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा एकामागोमाग एक रेषा. फटीगने तुटलेल्या भागाची ती खूण असते. भेग रोज थोडी थोडी कशी पुढे सरकत गेली, हे त्या रेषांवरून वाचता येतं. पुस्तकात आम्ही त्याचा काळपट, धूसर फोटो बघितलाय, खरी वस्तू वर्गात पहिल्यांदाच आली होती. तो तुकडा टेबलावर पडून राहिला. कुणी हातात घेतला नाही.

त्यानंतर ती वर्गात प्रश्न विचारेनाशी झाली. आधी पहिल्या बाकावर बसायची, ती चौथ्यावर गेली. ओरलच्या दिवशी बाहेर कॉरिडॉरमध्ये तिनेच मला बेअरिंगचे सगळे प्रकार समजावून सांगितले, आणि आत गेल्यावर ती गप्प. मी विचारलं, "अगं, तुला येत होतं ना?" तर म्हणाली, "येत व्हतं. पर तो शब्द तोंडातनं कसा काढायचा त्येच ठरंना. म्हणून गप बसलो." (कोल्हापूरकडच्या मुली 'बसलो'च म्हणतात. त्यावरही आम्ही हसून घेतलेलं आहे.)

म्हणजे उत्तर येत असूनही फक्त उच्चारासाठी तिचे मार्क गेले. ओरल घेणाऱ्यांनी ते कापले नाहीत, आम्ही कापले.

आता माझी पाळी. महिन्याभराने आमची इंडस्ट्रियल व्हिजिट इथल्याच एका यंत्रमागाच्या शेडमध्ये होती. भिवंडीत राहून माग बघितला नाही म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा न बघण्यासारखंच! आत शिरलो आणि कान बंद झाले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नव्हतं. कामगार हाताच्या खुणांनी बोलत होते. तिथे कुणाचा व्ही आणि कुणाचा डब्ल्यू!

बाहेर आल्यावर शेडचे मालक कापडाचा तागा उलगडून म्हणाले, "बेटा, ये ग्रे है. यहाँ से प्रोसेस हाउस जाएगा." मी कापड बघितलं. पिवळसर पांढरं. आणि माझ्या स्वच्छ, शुद्ध, सिस्टरांनी घडवलेल्या उच्चारात सगळ्यांसमोर म्हणाले, "पण अंकल, हे तर क्रीम आहे. ग्रे कुठेय?"

मालक माझ्याकडे बघतच राहिले. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण नाही. पुढच्या टप्प्याबद्दल बोलणं चाललं होतं तेव्हा मी विचारलं, "सायझिंगमध्ये नेमकं कशाचं माप घेतात?"

रूममेट शेजारीच उभी होती. तिला आम्हा सगळ्यांचं उट्टं काढायची आयती संधी होती. ती हळूच म्हणाली, "माप न्हाई गं, खळ. सुताला खळ लावत्यात." परत येताना बसमध्ये तिने वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून सगळं समजावलं. मागावर उभा ताण असलेले ताण्याचे धागे वहीतून आणि फणीतून सारखे घासत असतात. तसेच कोरडे लावले तर पिंजून तुटतील. म्हणून आधी त्यांना खळ पाजून सुकवतात आणि बीमवर गुंडाळतात. इंग्रजीत साइझ या शब्दाचा एक अर्थ माप, दुसरा अर्थ खळ. स्पेलिंग तेच, उच्चारही तोच. आणि ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं कच्चं कापड, न धुतलेलं, न रंगवलेलं. या मालाला इंग्रजीत ग्रेझ असाही एक शब्द आहे, फ्रेंचमधून आलेला, मुळात कच्च्या रेशमासाठीचा. ग्रेझ आणि ग्रे कानाला जवळजवळ एकच, आणि कापडाच्या धंद्यात दोन्ही त्याच मालासाठी चालतात. (हा ग्रेझचा भाग मी नंतर डिक्शनरीत शोधला. तोपर्यंत मला डिक्शनरीची गरज वाटत नव्हती!)

पूर्ण बसप्रवासात ती एकदाही हसली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला ग्रेचा उच्चार येत होता, अर्थ येत नव्हता. तिला फटीगचा अर्थ येत होता, इतका की तिने तो घरून पिशवीत घालून आणला होता, फक्त उच्चार येत नव्हता. आम्हा दोघींपैकी इंजिनिअर कोण?

मग मी जरा शोधाशोध केली. इतकी वर्षं मराठी मीडियमच्या मुलांच्या माथी मारलेला दोष खरा कुणाचा, हे बघायला. तो बराचसा इंग्रजीचाच निघाला. कॅक्स्टन नावाच्या गृहस्थाने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुस्तकं छापली जाऊ लागली आणि स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. पण लोकांचे उच्चार मात्र त्या काळात बदलत होते आणि पुढेही बदलत राहिले. सरदाराच्या नाइटमधला सुरुवातीचा के आणि मधले जी-एच एके काळी खरोखर बोलले जायचे. आवाज गेला, अक्षरं राहिली, आणि सरदार व रात्र कानाला एकच झाले. कर्जाच्या डेटमधला बी तर कधी उच्चारातून आलाच नाही, लॅटिन शब्दाची आठवण म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसवला. सैन्यातला कर्नल आणि आमच्या कॉम्प्युटरवाल्यांचा लिनक्स कर्नल यांचा उच्चार तंतोतंत एक, आणि स्पेलिंगमध्ये मात्र भाऊबंदकी. पहिल्या कर्नलच्या स्पेलिंगमध्ये र औषधालाही नाही! बर्नार्ड शॉ या सगळ्याला इतका वैतागला होता की १९५० साली वारला तेव्हा त्याने मृत्युपत्रात इंग्रजीसाठी नवी लिपी करायला पैसे ठेवले होते. लिपी झाली, त्याचं एक नाटक तिच्यात १९६२ साली छापूनही निघालं, पण इंग्रज काही बदलले नाहीत.

फटीगच्या शेवटी जी-यू-ई आहे. आर्ग्यूच्या शेवटीही जी-यू-ई आहे. एकाला ग्यू म्हणायचं आणि दुसऱ्याला नुसतं ग. हे डोळ्यांनी कसं कळणार? कुणाच्या तरी तोंडून ऐकल्यावरच कळणार. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पण पुस्तकातलं इंग्रजी डोळ्यांपर्यंत पोचतं, कानापर्यंत नाही. 'फॅटिग्यू' म्हणणाऱ्याने तो शब्द ऐकलेला नसतो, वाचलेला असतो. वाचलेला असतो, हे महत्त्वाचं! आपण ज्याला हसतो तो पुस्तक उघडलेला माणूस असतो.

आता काही जण म्हणतील, आमची मराठी बघा, जसं लिहितो तसं बोलतो. खरंच? 'जग' वाचा. दुनियेचा जग आणि मेसमधला पाण्याचा जग, अक्षरं तीच, ज मात्र वेगळा. 'जरा' वाचा. थोडंसं या अर्थी एक ज, म्हातारपण या अर्थी दुसरा. चार रोट्यांचा च आणि 'गाईला चार' मधला च पण वेगळे. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही, आईच्या तोंडून ऐकलं. मी अकरावीपर्यंत मराठीचा धडा मोठ्याने वाचताना हमखास चुकायचे, तेव्हा आमची आजी हसायची नाही, नुसती तो शब्द पुन्हा बरोबर म्हणायची. आणि इथली आगरी बोली ऐका. गाडीची गारी होते, पाण्याचं पानी होतं, म्हणून गाडी चालायची थांबते का?

उलट मराठीने पाहुण्यांसाठी जागाही केली. बॅट आणि बेट, हॉल आणि होल यांत घोळ होऊ नये म्हणून आपण चंद्र वापरतो, आणि २००९ साली शासनाने ॲ आणि ऑ हे दोन स्वर रीतसर वर्णमालेत घेतले. म्हणजे जिथे अर्थ बदलतो तिथे मराठीने लिपीत सोय करून घेतली. जिथे काम भागतं तिथे दोघांत एकच व ठेवला. मला वाटतं, यातच आपल्यासाठी नियम दडलेला आहे.

नियम असा. उच्चार चुकला आणि अर्थ पोचला, तर सोडून द्या. अर्थच बदलला, तर मात्र सोडू नका.

वर्कशॉपमध्ये सगळे 'लेथ' म्हणतात. डिक्शनरीप्रमाणे तो 'लेद' आहे. मी पहिल्या वर्षी तसं म्हणून बघितलं. काकांना वाटलं मी लेदरचं काहीतरी मागतेय! तिथे लेथच बरोबर. पण पुढची मंडळी बघा. प्रिन्सिपल स्ट्रेस हा आपल्या अर्ध्या वर्गाने पेपरात पी-एल-ई लावून लिहिला होता. पी-एल-ई म्हणजे तत्त्व, पी-ए-एल म्हणजे मुख्य. (आपल्या प्राचार्यांनाही पी-ए-एलच. मुख्य तेच, स्ट्रेसही त्यांचाच असं लक्षात ठेवा, माफ करा सर.) गाडी थांबवणारा ब्रेक वेगळा, तुटण्याचा ब्रेक वेगळा. पहिल्याच्या जागी दुसरा लिहिलेल्या गॅरेजमध्ये मी तरी स्कूटी देणार नाही. डाय म्हणजे साचा, डाय म्हणजे रंग, डाय म्हणजे मरणं. रंगाईच्या डाइंगमध्ये वायपुढे ई असतो. एका टेम्पोवर मी तो ई गाळलेला पाहिला. म्हणजे सगळं सूत मरणासन्न! स्टेशनरी ई-आर-वाय असेल तर वह्या-पेन, ए-आर-वाय असेल तर जागचं न हलणारं. डिजिटलमधल्या टूज कॉम्प्लिमेंटमध्ये ई, कौतुकाच्या कॉम्प्लिमेंटमध्ये आय. उलट प्रकारही आहेत, स्पेलिंग एक आणि उच्चार दोन. वारा असेल तर विंड, मोटरचं गुंडाळणं असेल तर वाइंड. शिसं असेल तर लेड, वायरचं टोक असेल तर लीड. आणि हो, शीट मेटल शॉपमधला ईकार कृपया दीर्घच ठेवा. का, ते संपादक मंडळ छापू देणार नाही.

हे सगळं मार्कांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. १९ फेब्रुवारी १९८९ ला सिंगापूरहून क्वालालंपूरला निघालेलं फ्लाइंग टायगर कंपनीचं एक मालवाहू बोइंग ७४७ उतरण्याच्या तयारीत होतं. कंट्रोलरने सांगितलं, "डिसेंड टू फोर झीरो झीरो." त्याच्या मनात होतं दोन चार शून्य शून्य, म्हणजे २४०० फुटांवर या. वैमानिकांनी टू हा आकडा न समजता 'पर्यंत' या अर्थाचा टू समजला, आणि उत्तर दिलं, "ओके, फोर झीरो झीरो." ४०० फूट. ते उत्तर चुकलंय हे कुणी टोकलं नाही. विमान धावपट्टीआधीच्या टेकडीवर आदळलं. आत चार माणसं होती, चौघंही गेली. चुका आणखीही झाल्या होत्या, कॉकपिटमधल्या धोक्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष झालं होतं. पण सुरुवात झाली ती दोन सारख्या आवाजाच्या शब्दांपासून. आणि विमान अमेरिकन कंपनीचं होतं. म्हणजे इंग्रजी मातृभाषा असली तरी सुटका नाही.

यावर विमानवाल्यांचे उपाय वाचण्यासारखे आहेत. रेडिओवर बी, डी, पी, टी सारखेच ऐकू येतात म्हणून अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही अक्षरांची नावं १९५६ पासून जगभर आहेत. ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, आणि समोरच्याने ती तपासायची, हा नियम आहे. आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने वैमानिक व कंट्रोलर यांच्या इंग्रजीसाठी सहा पायऱ्या लागू केल्या. किमान चौथी पायरी हवी. तिथे उच्चारावर मातृभाषेची छाप चालते, फक्त समजण्यात तिचा अडथळा कधीकधीच यावा. अगदी सर्वांत वरच्या सहाव्या पायरीवरही मातृभाषेची छाप असू शकते असं त्यांनी लिहून ठेवलंय!

जिथे चुकीच्या शब्दाला माणसं मरतात, तिथे कुणाच्या ॲक्सेंटला हसत नाहीत. तिथे म्हणतात, "पुन्हा सांगा." आणि आमच्या सेमिनार हॉलमध्ये, जिथे फार तर प्रोजेक्टर बंद पडतो, तिथे आम्ही अकरापर्यंत मोजतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कॉन्व्हेंटवाल्यांनो (मी धरून), आपल्याला कान फुकट मिळालाय. तो हसण्यासाठी वापरू नका, उसना द्या. कुणी शब्द चुकला तर आपल्या पुढच्या वाक्यात तो शब्द बरोबर वापरा, माझ्या आजीसारखा. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. मराठी मीडियमवाल्यांनो, तुम्हीही एक करा. चुकण्याच्या भीतीने उत्तर गिळू नका. शब्द तोंडातून निघत नसेल तर फळ्यावर लिहा, पण उत्तर द्या. आणि सरांना, मॅडमना नम्र विनंती. नवीन शब्द फळ्यावर लिहिलात की एकदा मोठ्याने आमच्याकडून म्हणून घ्या. लाजतील सगळे, पण एकत्र लाजतील.

आमच्या मजल्यावर आम्ही सुरुवात केलीये. पाण्याच्या फिल्टरशेजारच्या फळ्यावर रोज एक जोडी लिहायची, अर्थासकट. पहिल्या दिवशीची जोडी होती टेस्ट आणि टेस्ट, एक परीक्षेची आणि एक चवीची. खाली कुणीतरी लिहून गेलं, 'मेसमध्ये दोन्ही एकच.' मुलांच्या हॉस्टेलनेही करून बघावं.

तो क्रँकशाफ्टचा तुकडा आता आमच्या खोलीत टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून. परवा मी तिला म्हटलं, मला त्या रेषा नीट समजावून सांग. ती अर्धा तास बोलली. शब्द ती अजून कधीकधी 'फॅटिग्यू'च म्हणते. पण विषय मला पहिल्यांदा कळला.

हा लेख छापायला देण्याआधी तिने तपासला. ऱ्हस्व-दीर्घाच्या अठरा चुका काढल्या, आणि प्रत्येक चूक मला समजावून सांगितली, न हसता.

खोटं कशाला बोलू, एकदा हसली.